कुलपात नोंदवलेली बोटे

केशवापूर, हुबळी
१५ जून २०२५

चि. संजीव,

तुला आणि सौ. दीपश्रीला आशीर्वाद. हे पत्र बघून तू हसशील. पण फोनवर आपण दोघे भाऊ बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिले तर तू नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून पोस्टाने लिहितो आहे.

आईच्या मळमड्डीच्या घराला तू जे नवे कुलूप बसवून गेलास, त्याबद्दल लिहायचे आहे. सोय नाही असे मी म्हणणार नाही. मागे दुधाची पिशवी घ्यायला ती बाहेर आली, वाऱ्याने दार लागले आणि किल्ली आत राहिली. आता गोल बिल्ला पदराच्या गाठीत असतो, तो टेकवला की दार उघडते. हे सगळे चांगलेच झाले.

माझे मात्र काय झाले ते ऐक. दर रविवारी मी चिगरी बसने धारवाडला जातो. जिन्याखालच्या नळावर हातपाय धुतो, कारण त्या वेळी आई मडीत, म्हणजे सोवळ्यात असते. ते हात पुसायचेही नसतात, बाहेरचे फडके लागले की धुण्याला अर्थ राहत नाही. मग वर जाऊन अंगठा लावतो. तू स्वतः माझा हात धरून नोंदवलेला हाच अंगठा. कुलूप लाल दिवा दाखवते आणि इंग्रजीत म्हणते, पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा लावतो. कुलपातली ती बाई पुन्हा तेच म्हणते. बेल वाजवावी तर मडीत आई त्या यंत्राला शिवत नाही, दहा जणांनी हात लावलेले असते म्हणून. ती आतून ओरडते, "आरुषी, बघ ग कोण आलंय!"

समोरच्या घरातून ती आरुषी येते, बोट टेकवते, आणि कुलूप मंजूळ वाजून उघडते. आत गेल्यावर आईचे पहिले शब्द, "आलीस का ग? ये." मी तिच्या मागे उभा असतो.

नंबर दाबून आत जा, असे तू सांगितलेस. तो नंबर गॅसवाल्याला दिला आहे, इस्त्रीवाल्याला दिला आहे. आईच्या घरात शिरायला मी आकडे दाबू? जुनी किल्ली अजून माझ्या जानव्याला आहे. ती आता कशालाच लागत नाही.

मला एकच विचारायचे आहे. बेळगावहून नोकरीला आलेली एक भाडेकरू मुलगी, तिचे बोट तू कोणाला विचारून नोंदवलेस?

तुझा,
वेंकटेश


बेंगळुरू
२३ जून २०२५

ती. अण्णास,

सा. न. दीपश्री खरेच हसली. म्हणाली, "पोस्टमन आपल्या मजल्यावर पहिल्यांदाच आला."

आरुषीचे बोट मी आईच्या सांगण्यावरून नोंदवले. तिने अक्षरशः तिचा हात धरून पुढे केला. तुला राग कुठल्या गोष्टीचा आहे, तिचे बोट असल्याचा की तुझे लागत नसल्याचा? का ती कोणत्या घरातली आहे, याचा? तसे असेल तर स्पष्ट लिही.

आता माझे ऐक. हे कुलूप माझ्या फोनला जोडलेले आहे. दार कोणी उघडले, त्याचे नाव मला इथे दिसते. आईचे दिसते, आरुषीचे दिसते, इस्त्रीवाल्याचेही दिसते. बसवल्यापासून एकदाही ‘वेंकटेश’ हे नाव आलेले नाही. एकदाही नाही. आणि तू मला लिहितोस की दर रविवारी जातो!

तुझी शाळा आहे, संसार आहे, मी समजू शकतो. पण जात नसशील तर जात नाही म्हण. वर बिचाऱ्या कुलपाला दोष देऊ नकोस. निदान ती मुलगी आईकडे जाते.

दसऱ्यानंतर आईला इकडे आणायचे आम्ही ठरवले आहे. खोली तयार आहे. जवळचा मुलगा येत नाही आणि शेजारणीच्या भरवशावर आई राहते, हे मला इथे बसून बघवत नाही.

संजीव


केशवापूर
२९ जून

संजीव,

तुझे पत्र तुझ्या शालिनीवहिनीला वाचून दाखवले नाही. उशीखाली ठेवले आणि त्यावर दोन दिवस झोपलो.

मी खोटे बोलतो असे तू लिहिलेस. आजही जाऊन आलो. नळावर हातपाय धुतले. अंगठा तीनदा लावला. आरुषीने दार उघडले. मी तिच्या मागून आत गेलो, तर तुझ्या फोनवर तिचेच नाव येणार, माझे कसे येईल? त्या यंत्राला बोट कळते, मागे उभा असलेला माणूस कळत नाही. आईने दुरूनच कॉफीचा पेला ठेवला आणि बाजूला झाली, मग मी तो उचलला. आज तिने निळे लुगडे नेसले होते. गुडघ्याला तेल चोळलेले होते, वास येत होता. कोणी चोळले, मी विचारले नाही.

ती कोणत्या घरातली आहे याचे मला काही नाही. तिच्या हॉलमध्ये बुद्धाची छान मूर्ती आहे, तिच्यापुढे रोज ताजे फूल असते. माझा राग एवढाच की ती आली की आईचा आवाज बदलतो. मी आलो की बदलत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण देवासमोर बसलो तरी हेच मनात येते, मग तुझ्यापासून काय लपवू?

आईला नेऊ नकोस. तिच्या सोयीचे मी सांगत नाही. रविवारी मी कुठे जाऊ, ते मला समजत नाही.

वेंकटेश


बेंगळुरू
७ जुलै २०२५

ती. अण्णास,

सा. न. आईला फोन करून सहज विचारल्यासारखे विचारले, "अण्णा येतो का ग?" ती म्हणाली, "न यायला काय झालं? दर रविवारी येतो, हॉलमध्ये बसतो, कॉफी पितो, पंख्याकडे बघतो."

माझे चुकले. माफ कर.

तुझी दोन्ही पत्रे पुन्हा वाचली तेव्हा उलगडा झाला. अण्णा, तू ओल्या हाताने अंगठा लावतोस! त्या काचेला ओले बोट वाचता येत नाही. मी चपला काढतो आणि तसाच धुळीचा अंगठा टेकवतो, ते पहिल्या फटक्यात उघडते. तू इतका शुद्ध होऊन जातोस म्हणून बाहेर राहतोस. पुढच्या रविवारी रुमालाने अंगठा कोरडा कर आणि मग लाव. देव रागावणार नाही.

आता एक माझ्याकडचे. हे कुलूप मी सुरक्षेसाठी घेतले असे सगळ्यांना सांगितले. खरे म्हणजे मला बघायचे होते. सकाळी दात घासायच्या आधी मी फोन बघतो, मळमड्डीचे दार उघडले का. मग मीटिंगमध्ये बसलेलो असताना कोणाकोणाची नावे येत राहतात. ते सगळे आत जातात आणि मी बघतो. तुझे नाव येत नव्हते, त्याचा राग आला हे खरे, पण थोडे बरेही वाटत होते. दोघेही बाहेरच आहोत, असे.

आईला आणायचे मात्र पक्के आहे. दाराची बेल वाजली तरी जिला उठून दार उघडता येत नाही, तिने एकटीने राहणे बरोबर नाही.

संजीव


केशवापूर
१३ जुलै

संजीव,

अंगठा कोरडा केला. दार उघडले. तुझ्या फोनवर माझे नाव आलेच असेल.

आरुषीचे बोट काढून टाक. माझे लागते, तेव्हा तिला मध्ये पडायचे आता कारण नाही. तिलाही तिची कामे आहेत, कॉलेजात शिकवायचे असते. उगाच किती त्रास द्यायचा?

आईची तब्येत ठीक आहे. शाळेत चाचणी परीक्षा सुरू आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. दुसरे काही विचारू नकोस.

वेंकटेश


बेंगळुरू
२३ जुलै २०२५

ती. अण्णास,

सा. न. आज सकाळी काढले. इथे बसल्या बसल्या एक खूण दाबली, ‘नक्की का?’ असे त्याने विचारले, मी हो म्हटले.

तू कारण दिलेस ते मला पटले नाही, तरी काढले. दिवसात तिचे नाव जितक्या वेळा यायचे, तितक्या वेळा मी आईला महिन्यात फोन करत नाही. ते नाव दिसेनासे झाले तर मला आवडेल असे वाटले.

शिवाय दसऱ्यानंतर निघायचेच आहे. तिथली सवय थोडी कमी झालेली बरी.

तुझे नाव त्या रविवारी दिसले. पण तू आत गेलास आणि लगेचच दार पुन्हा उघडले. तू बाहेर पडलास. कॉफीसुद्धा घेतली नाहीस का?

संजीव


केशवापूर, हुबळी
२८ जुलै २०२५

चि. संजीव,

काल सकाळी तुझा फोन आला, "दार उघडे आहे म्हणून माझा फोन नुसता ओरडतोय, आई उचलत नाही, तू पळ." मी धावत गेलो. संध्याकाळी तुला सांगितले की सगळे ठीक आहे, पत्र लिहितो. आईने तुला यातले काही सांगू नकोस असे बजावले आहे. तरी मी लिहितो, कारण न लिहिले तर तू तिला घेऊन जाशील.

आधी त्या रविवारचे. अंगठा कोरडा करून लावला, कुलूप उघडले. आत मिक्सर चालू होता, कोणाला काही ऐकू आले नाही. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ओट्याशी आरुषी भाकरी थापत होती. आई स्टुलावर बसली होती, मडीचे लुगडे नाही, काही नाही. आरुषीने शेंगाचटणी बोटावर घेतली आणि आईपुढे धरली, "अज्जी, मीठ बघा." आईने ती तिच्या बोटावरून चाखली. आणि म्हणाली, "अग बाई, तुझा हात म्हणजे समुद्रच आहे." दोघी हसल्या. आईचे दाढ दिसेपर्यंतचे हसू मी कधी पाहिले होते, मला आठवेना.

मग तिने मला बघितले. हातात अर्धी भाकरी घेऊन ती उठली आणि म्हणाली, "थांब, थांब, मी मडीत आहे."

मी उलट्या पावली बाहेर आलो. बसमध्ये मला एकच दिसत होते. शालिनी लग्न होऊन आली, तेव्हापासून इतकी वर्षे तिला त्या ओट्याला हात लावू दिला नाही. मी लहानपणापासून आजवर हात धुऊन, अंग चोरून हॉलमध्ये बसतो. आणि ही मुलगी आली तशी आत गेली. घरी येऊन तुला ते तीन ओळींचे पत्र लिहिले. त्यात कॉलेज, तिची कामे वगैरे जे लिहिले, ते सगळे त्या चटणीच्या बोटामुळे लिहिले होते.

आता कालचे. मी पोचलो तर दार सताड उघडे. उंबऱ्यात आईने वरवंटा आडवा टाकला होता. कुलूप टीं टीं करत होते, खालचे राव वर येऊन विचारून गेले म्हणे, काही जळतंय का. आई खुर्ची टाकून दारासमोरच बसली होती. आरुषी भिंतीशी उभी होती, चेहरा उतरलेला.

"ये," आई म्हणाली. "हातपाय धुतलेस?"

"धुतले."

"कशाला?"

"तू मडीत असशील म्हणून."

"मी कुठली मडीत? तुमचे अप्पा गेले त्या वर्षीच सोडली. देवाला हात जोडते, तेवढं पुरतं त्याला."

मग आरुषी बोलली. आवाज चढवला नाही, पण शब्द सरळ होते. "सर, माझं बोट काढायचं होतं तर मला सांगायचं. चार दिवस मला वाटत राहिलं, अज्जींनीच काढायला लावलं. मी येणंच बंद केलं. शेवटी आज त्यांनीच हाक मारली. मी स्वतःहून बोट लावलं नव्हतं, त्यांनी धरून लावायला लावलं होतं. मी जाते."

"बस ग तू," आई म्हणाली. "बोटाचं काय घेऊन बसलीस? दार उघडंच आहे. या दोघा भावांनी काढायचं ते काढावं, वरवंटा इथून हलणार नाही."

मी आईला विचारले, "मडी सोडलीस, तर मला का नाही सांगितलंस? मी येईन तेव्हा लुगडं बदलून बसायचीस?"

"तू एवढा धुऊन येतोस. म्हटलं, याच्या मनाला लागेल. तू अप्पांवर गेलास." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? मडी मोडली म्हटलं की तुम्ही म्हणणार, आई थकली. झेपत नाही तिला. मग उचलून बेंगळुरूला. मडी करते आहे तोवर म्हातारी धडधाकट. संजीवला तर मी फोनवरसुद्धा तेच सांगते."

"आणि शालिनी?"

तिने पदराच्या गाठीतला बिल्ला चाचपला. मग म्हणाली, "तेव्हा मी सासू होते रे. पुरती सासू होते. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू, ये, भाकरी थाप?"

संजीव, मी काल स्वयंपाकघरात बसून जेवलो. आरुषीने वाढले. पहिली भाकरी तिने आईला दिली आणि आईने ती मोडून अर्धी तिलाच दिली. मला दुसरी मिळाली. हेवा गेला असे मी लिहिले तर ते खोटे होईल. या मुलीला जी आई मिळाली, ती माझ्या ओळखीची नव्हती. पण ती मळमड्डीत आहे, आणि बेंगळुरूच्या तुझ्या खोलीत ती येणार नाही. तिथे मडीतली आई येईल.

येत्या रविवारी शालिनीला घेऊन जाणार आहे. ती म्हणते, "मी ओट्याला हात लावणार नाही. त्यांनी सांगितलं तर बघू." बरोबर आहे तिचे.

आरुषीचे बोट परत घाल.

वेंकटेश


बेंगळुरू
१० ऑगस्ट २०२५

ती. अण्णास,

सा. न. काढलेले बोट इथून परत घालता येत नाही. तिला तिथे दारासमोर उभे राहून ते पुन्हा लावावे लागते, आणि कुणाला तरी आतून कुलपाला तशी परवानगी द्यावी लागते. ती सगळी मालकी मी तुझ्या फोनवर पाठवली आहे. आता दाराची नावे तुला दिसतील, मला नाही. तिचा हात तू धर आणि माझ्या वतीनेही माफी माग. काढणारा मी होतो.

तुझे पत्र वाचल्यावर आठवडाभर मी आईला फोन केला नाही. आज सकाळी केला. म्हटले, बघू तर खरे. ती लगेच म्हणाली, "अरे थांब, मडीत आहे मी. नंतर बोल."

अण्णा, मागे तुझा आवाज येत होता. भाकरी करपली असे काहीतरी तू म्हणत होतास, आणि वहिनी कुणाला तरी म्हणत होत्या, "सरक ग, मी थापते." एवढे मी ऐकले आणि तिने फोन ठेवला.

गंमत बघ. आजवर तुम्ही सगळे तिथे आणि मी इथे, याचे मला कधी एवढे वाटले नाही. नोकरी इथे आहे, घर इथे आहे, चालायचेच. पण आज तुम्ही चौघे ओट्याभोवती आणि मी एकटा त्या ‘थांब’च्या बाहेर. मला ती घाबरते, अण्णा. मी तिला उचलून नेईन म्हणून ती मला मडी सांगते. मी तिची खोली रंगवून घेतली होती, खिडकीला तिला आवडतो तसा पडदा लावला होता. तिच्यापुढे मी इतका परका झालो, ते मला त्या पडद्यात दिसले नाही.

इकडे आणायचे मी सोडले. दीपश्रीलाही सांगितले. तू मात्र आईला सांगू नकोस. हे मीच येऊन सांगणार आहे. गणपतीच्या आधीच्या रविवारी पहाटेच्या गाडीने येतो.

माझा अंगठा अजून त्या कुलपात आहे, पण मी तो लावणार नाही. बेल वाजवीन आणि उभा राहीन. आतून ती ओरडेल, "आरुषी, बघ ग कोण आलंय!" तेव्हा आरुषीला उठू देऊ नकोस. वहिनींनाही नको, आणि तूही उठू नकोस. कितीही वेळ लागला तरी चालेल.

दार तिच्या हाताने उघडू दे.

तुझा,
संजीव